दोघांना लागतं किती?

मंडळी, सकाळचा राग ताजा आहे तोवरच हे वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आहे.

मुंबईच्या एका वखारीचे शेठ आज चांद्याच्या लाकूड डेपोत आले होते. माझी सागाची मोजणी पाहून म्हणाले, मुंबईला चला. दीडशे रुपये पगार ठरला. मग त्यांनी विचारलं, "पोरंबाळं किती?"

"नाईत. आमी दोघंच."

"मग नव्वदात भागेल. दोघांना लागतं किती?"

माझा डबा घेऊन आलेली बायको मागेच उभी होती. ती म्हणाली, "काऊन शेठ, दोघंच म्हणून मुंबईत अर्ध्या भाड्यानं खोली भेटते काय?"

शेठ हसले. मी हसलो नाही. समोरच्या ओंडक्यावर हात ठेवून म्हटलं, "याची किंमत तुमी गोलाई अन् लांबी पाहून देता. त्याच्या बुडाशी किती रोपं उगवली, हे कधी इचारलं काय?"

शेठ एकशे दहावर आले. मी नाही म्हणालो.

घरी येताना बायको हळूच म्हणाली, "समुद्र पाहाचा राह्यला." तेवढं मात्र लागलं. समुद्र मी तिला दाखवीनच, पण अशा पगारावर नाही.

आता तुम्हीच सांगा, पगार माणसाच्या कामाचा असतो की त्याच्या घरातल्या पाळण्याचा?