पडद्यामागचा डागवाला

दुपारी जेवून तानूबाई खरमाटे ओट्यावर कलंडतात. आत सून भांडी घासते आहे. तो आवाज कानी पडतो तोवर त्या जाग्याच आहेत, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मग त्या खणखणाटात घोड्याच्या टापा मिसळतात आणि पायरीशी डागवाला येऊन उभा राहतो.

डागवाला म्हणजे घोडेवाल्या इंग्रजी सिनेमातला खलनायक. तानूबाई परकरात होत्या तेव्हा विट्याच्या जत्रेत तंबूत हे सिनेमे लागायचे. मधोमध पडदा, पुढे पुरुष, मागे बायका. गालावर डाग असलेला हा नट दरवेळी शेवटी गोळी खाऊन धुळीत पडायचा. पुरुष शिट्ट्या मारायचे, पडद्यामागे तानूबाई रडायच्या. कारण तो डावखुरा होता, आणि त्याही. जेवताना आत्या त्यांचा डावा हात चिंधीनं बांधायची. हा मात्र डाव्या हातानं खायचा, पत्ते पिसायचा, पिस्तूल उपसायचा. त्याला कोण बांधणार?

तो वारला त्यालाही आता जमाना झाला.

तानूबाई निरखून बघतात आणि चरकतात. डाग भलत्याच गालावर. पिस्तूल उजव्या कमरेला.

"तू तो न्हाईस," त्या म्हणतात.

"मीच की, बाई." बोली थेट विट्या-खानापूरकडची. "तू मागनं बघत हुतीस. मागनं समदं उलटं दिसतंय. मी जल्माचा उजवा."

ओटा कधी सरकला कोण जाणे, त्या तंबूत बसल्या आहेत, हाताला चिंधी आहे.

"म्हंजे इतकी वर्सं मी एकटीच हुते?"

तो टोपी काढतो. तंबूचं कापड विरून माळ होतो, आणि माळावर समोरून पांढऱ्या टोपीचा नायक चालत येतो. डागवाला तानूबाईंच्या मागं सरकतो. म्हणतो, दरवेळी ह्यो उजवा हात मागं पडतो आणि मी मरतो. त्या गड्यानं तुमची पडद्यामागची बाजू कधी बघितलीच नाही, डावा हात त्याला ठाऊकच नाही.

"बाई, तुझा डावा हात दे. एकडाव."

तानूबाई दातांनी चिंधी सोडतात आणि डाव्या हातानं त्याचं पिस्तूल उपसतात.

बार होतो. नायकाची टोपी उडून बाभळीत अडकते. नायक आ वासून उभा. पण सगळ्यात जास्त हादरला आहे तो डागवाला. स्वतःची छाती चाचपत तो विचारतो,

"मी अजून हुबा हाय?"

"आत्याबाई, चहा." सून सासूपुढं कप धरते.

तानूबाई दचकून उठतात आणि डाव्या हातानं कप घेतात. सून कपाकडे बघत राहते. लग्न होऊन आल्यापासून सासूचा हा हात तिनं पदराबाहेर पाहिलेला नाही. मग ती वाकून हुंगते.

"टिकल्या फोडल्या का काय? दिवाळी तर लांब हाय."

तानूबाई बघतात. डाव्या हाताचं पहिलं बोट काळं पडलं आहे, अजून गरम आहे.