गेल्या वर्षीची बाई दाखव

गोंदण काढून देणारा माणूस दारव्ह्याच्या आठवडी बाजारात माझ्या मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसायचा. समोर सतरंजी, सतरंजीवर बाटल्या, एक चिनी मातीची वाटी, कापसाचे बोळे. "दुखणार नाई, डाग राहणार नाई, कपाळ कोरं करून देतो," असं तो उन्हं कलेपर्यंत म्हणत राही. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. जो विकणारा आपल्या मालाची एकही खोट सांगत नाही, त्याची खोट पोत्याच्या तळाशी असते, हे मला मिरच्यांनी शिकवलं होतं. वर लालभडक मिरची आणि खाली पांढरी पडलेली फटकी, अशी पोती मी खूप पाहिली होती. कोपरापर्यंत हात खुपसल्याशिवाय मी पोतं घेत नसे.

तरीही माझ्या धाकट्या बहिणीला मी त्याच्या सतरंजीवर बसवलं. हे कसं झालं ते लिहून ठेवते, कारण आता तालुक्याच्या गावांतही मस जाळणारे, फाटलेली कानाची पाळी शिवून देणारे, रंग उजळून देणारे येऊन बसू लागले आहेत आणि बायका त्यांना किमतीशिवाय काहीच विचारत नाहीत.

आईबाप गेल्यावर बहिणीला मीच वाढवलं. सुरुवातीला डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मिरच्या विकल्या, मग बाजारात जागा मिळवली. ती जागाही कुणी दिली नाही, भांडून घेतली. छप्पन्न साली आम्ही दीक्षा घेतली. घरातले जुने देव गेले, पण आम्हा दोघींच्या कपाळावर लहानपणीच टोचलेलं गोंदण राहिलं. दोन भुवयांच्या मधे उभी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना ठिपके. आमच्याकडे तेवढ्यावरून माणसं ओळखत, की ही गावाच्या कोणत्या टोकाची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मिरची घेणारा मिरची बघतो.

बहिणीचं तसं नव्हतं. ती सातवी पास झाली आणि शिक्षिका होण्यासाठी नॉर्मल स्कूलला अर्ज घेऊन गेली. तिथल्या शिपायाने तिला पाणी दिलं ते ओंजळीत, वरून ओतून. तिच्या आधीच्या मुलीला त्याने पेला दिला होता.

घरी येऊन ती म्हणाली, "ताई, नाव सांगाच्या आधी माह्यं कपाळ बोलते. मले ते पुसून पायजे. शाळा उघडाच्या आधी."

"माह्यं बी आहेच की. मी मेली का?"

"तू बाजारात बसतं. तिथं तुह्या तोंडाले घाबरतात, कपाळाकडे पाहाची हिंमत कोणाची?"

एवढीच तिची मागणी होती. नव्या वर्गात शिरताना कपाळाने काही सांगू नये.

मी तिला आधी बाजारातल्या माणसाकडे नेलं नाही. मोटारीत बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. दिवस अर्धा उलटल्यावर आमचा नंबर लागला. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. बहिणीने कपाळावर बोट ठेवून सांगितलं, हे काढायचं आहे.

"निघेल. डाग राहील," डॉक्टर म्हणाले. मान वर केली नाही. "पुढचा."

"साहेब, केवढा डाग?"

"सांगितलं ना, राहील. पुढचा कोण?"

मी दारातच आवाज चढवला. कंपाउंडरने आम्हाला बाहेर काढलं. मोटारीची वाट बघताना मी बहिणीला म्हणाले, "याले हातच लावाचा नाई आपल्याले. म्हणून माल वाईट सांगून राह्यला."

शिपायाचं पाणी तिच्या मनात ताजं होतं. तिलाही पटलं. मग डॉक्टर घाबरवतो, तर न घाबरवणाऱ्याकडे जाऊन बघू, असं ठरलं.

तरी मी आंधळेपणाने गेले नाही. पुढच्या बाजारी त्याच्यासमोर बसले आणि वाटी नाकाशी नेली. "भाऊ, यात बिब्बा आहे का?"

"राम राम करा बाई. जडीबुटी आहे. सातपुड्यातून आणतो."

"मग बोटं काळी काहून तुह्यी?"

"कष्टाची बोटं आहेत. तुह्यी काय गोरी आहेत?"

शेजारची कांदेवाली हसली. मला राग आला, पण राग आला की माझं डोकं सौद्यात जास्त चालतं. मी अट घातली. बहिणीच्या हातावर एक फूल गोंदलेलं होतं, आधी ते काढायचं. पुढच्या बाजारापर्यंत मी बघणार. हात चांगला निघाला तरच कपाळ, आणि पैसेही तेव्हाच.

"एवढा संशय बरा नाई, बाई."

"संशयावरच माह्यं पोट चालते. कबूल असंल तर बोल."

तो कबूल झाला. फार लवकर कबूल झाला, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. माझ्याशी सौदा करताना लोकांना घाम फुटतो.

त्याने लेप लावला तेव्हा बहिणीने दात घट्ट आवळले. रात्री हात सुजला, फोड आले, मग खपली धरली. पुढच्या बाजारी खपली सुटत आली होती आणि खाली गुलाबी, गुळगुळीत कातडी. फूल गेलं होतं. मी हात उन्हात धरला, अंगठ्याने दाबला, ओल्या कपड्याने पुसून पाहिला. तळापर्यंत हात घातल्याचं समाधान मला मिळालं. त्याच दिवशी त्याने कपाळ केलं.

बाजारात आमचं सगळं एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत चालतं. उधारी पुढच्या बाजारी, खराब माल निघाला तर भांडण पुढच्या बाजारी, लग्नाची बोलणीसुद्धा पुढच्या बाजारी पक्की. ज्याचा माल पुढच्या बाजारापर्यंत टिकला तो माणूस खरा. मी कातडीलाही तेवढीच मुदत दिली. कातडी बाजाराला येत नाही, तिचा हिशेब महिन्यांचा असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि ज्याला ठाऊक होतं तो शेजारी बसून विड्या ओढत होता.

शाळा उघडली तेव्हा बहिणीचं कपाळ खरंच कोरं होतं. गुलाबी होतं थोडं, पण कोरं. तिने आरशात पाहून विचारलं, "कशी दिसतो मी?"

"कोणाचीच नाई दिसत," मी म्हणाले. ती इतकी खूश झाली की जाताना रस्ताभर गात गेली.

दिवाळीला ती घरी आली. हात पुढे करून म्हणाली, "ताई, हे पाह्य ना. खाज सुटते."

फुलाच्या जागी कातडी वर आली होती. कडक, चकचकीत, लालसर, जणू फुलाचा ठसा खालून कुणी वर ढकलला होता. कपाळ अजून सपाट होतं. हात आधी केला होता, कपाळ मागाहून. जे हातावर आलं होतं ते कपाळावर निघालेलं आहे, फक्त पोचलेलं नाही, हे दोघींना एकाच वेळी कळलं. त्या सुट्टीत ती रोज सकाळी उठली की आधी बोट कपाळाला लावायची. माझ्याशी बोलतानाही बोट तिथेच.

संक्रांतीपर्यंत कपाळावर तुरीच्या दाण्यांसारखी ओळ उठली. रेघ होती तिथे रेघ, ठिपके होते तिथे दाणे. निळं गोंदण लांबून दिसत नसे. हे दिसायचं.

तो माणूस दारव्ह्यातून कधीच निघून गेला होता. मिरचीच्या एका व्यापाऱ्याने मला सांगितलं की तसा कुणी उमरखेडच्या बाजारात बसतो. मी मिरच्या कांदेवालीच्या हवाली केल्या आणि दोन मोटारी बदलून उमरखेडला गेले. तीच सतरंजी, तीच वाटी. एका बाईचा दंड त्याने हातात धरला होता आणि दुसरी एक बाई तिला आपला गुलाबी हात दाखवत होती. "पाह्य, मागच्या बाजारी केला, काहीच नाई राह्यलं."

मी मधे बसले. "भाऊ, मागच्या बाजारची नको. गेल्या वर्षीची बाई दाखव."

त्याने मला ओळखलं. "काय बाई, सोबतीण कोठी आहे तुह्यी?"

"शिकून राह्यली. तुह्यी तूर कपाळावर घेऊन."

"तिचं रक्तच तसं असंल. मी काय करू?"

"मग रक्ताचं आधी विचारलं काहून नाई?"

"तूच हातावर करून पाह्यलं ना? पटलं तेव्हाच कपाळ देल्लं. सौदा तुह्या मनासारखा झाल्ता."

हे तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि लोक हसले. मी त्याची बाटली उचलली आणि उलटी केली. मातीवर फेस आला, धूर निघाला. सातपुड्याची जडीबुटी! दंड पुढे करून बसलेली बाई हात ओढून उठली. ज्या बाईचा हात गुलाबी होता ती मात्र जागची हलली नाही. ती आपल्या हाताकडे बघत राहिली. त्याने सतरंजी गुंडाळली आणि मला शिव्या देत गर्दीत गेला. माझे पैसे मी मागितले नाहीत. पैसे घेतले असते तर हिशेब मिटल्यासारखा झाला असता.

उन्हाळ्यात बहिणीला वसतिगृहातल्या कुणीतरी एका माणसाचं नाव सांगितलं, जो वाढलेलं कातडं ब्लेडने कापून वर टाके घालतो. "एका टाक्यात सपाट," असं तो म्हणतो म्हणे. ती निघाली होती. मी तिला धरून पुन्हा त्याच सरकारी दवाखान्यात नेलं. विश्वास म्हणून नव्हे. त्या डॉक्टरने निदान वाईट सांगितलं होतं, आणि आता मला वाईट सांगणारा माणूस हवा होता.

तेच डॉक्टर, तोच कागद. या वेळी मी टेबलावर हात ठेवला. "साहेब, कागदाकडे नाई. हिच्याकडे पाहून सांगा. मी हलणार नाई."

त्यांनी चिडून मान वर केली आणि मग चिडायचे थांबले. खुर्ची सोडून आले, तिला खिडकीशी नेलं, कपाळ पाहिलं, हात पाहिला. मग तिचा कान धरून मागे वळवला.

"हे कधीपासून आहे?"

कानाच्या पाळीमागे ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती. वेणी घालताना मी ती रोज पाहत आले होते.

"कान टोचल्यापासून," बहीण म्हणाली.

"काही माणसांच्या कातडीला जखम भरून झाल्यावर थांबता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "वण वाढत जातो. सुरुवातीला सगळं छान दिसतं, महिन्यांनी वर येतो. ज्यांचं एकदा असं झालं आहे त्यांनी शोभेसाठी कातडीला जखम करूच नये. जाळून नाही आणि कापून तर नाहीच. कापलं तर याहून मोठा येईल."

मी विचारलं, "हे कान पाहून कळते?"

"कळतं."

"मग मागच्या खेपेले कान काहून नाई पाह्यला?"

त्यांनी तिचा कान सोडला. म्हणाले, "मी सांगितलं होतं, डाग राहील."

"कागदाले सांगितलं होतं, साहेब."

बहिणीने माझा पदर ओढला म्हणून मी थांबले. नाहीतर त्या दिवशी पुन्हा कंपाउंडरला यावं लागलं असतं. त्या माणसाने खरं सांगितलं होतं, हे मी नाकारत नाही. पण ज्या दवाखान्यात आमच्या माणसांना हात न लावता बाहेर काढण्याची सवय आहे, तिथलं खरं आम्हाला हाकलल्यासारखंच ऐकू येणार. मान वर केली असती तर त्याला कान दिसला असता आणि आम्हाला त्याचा चेहरा. तेवढ्यावर मी विश्वास ठेवला असता. हा राग माझा गेलेला नाही आणि जाऊ द्यायचाही नाही.

ब्लेडवाल्याकडे बहीण गेली नाही. पुढे ती फुलसावंगीला मास्तरीण झाली. पहिल्याच सुट्टीत आली तेव्हा मी विचारलं, "पोरं काही म्हणतात का, कपाळाचं?"

"पहिल्याच दिवशी. एक पोरगी म्हणे, बाई, तुम्हाले काय झालं?"

"मग?"

"सांगितलं. गोंदण होतं, जाळून घेतलं, जखम वाढली. मंग तिनं आपला गोंदलेला हात दाखवला. म्हणे, मी नाई जाळणार."

ती माझ्या कपाळाकडे बघत होती, जिथे निळी रेघ अजून होती तशीच होती.

"ताई, पहिले लोक माह्यं कपाळ पाहून समजून जायचे. आता त्यांले विचारा लागते," ती म्हणाली. "विचारलं का मी सांगतो. तेवढा तरी फरक पडला."

तिला पुरलं असेल. मी मात्र अजून कुठल्याही बाजारात सतरंजी अंथरलेली दिसली की थांबते, खाली बसते आणि गेल्या वर्षीची बाई मागते. आजवर एकानेही दाखवली नाही.