कॉटन नावाचं क्रियापद

"थांबा जी, त्याच्यात अजून काई हाय!" साहेबाचा कुठलाही शब्द मराठीत सांगून झाला, की आमचे मुनशी हे जोडत. एका अर्थावर समाधान न होणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

अमरावतीच्या कापूस बाजारात ते गोऱ्या व्यापाऱ्याचे दुभाषी होते, मी वजनकाट्यावर. अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता. त्या गर्दीत मुनशींना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. पानसुद्धा ते चालता चालता लावत.

एकदा एक विधवा शेतकरीण गाड्या घेऊन आली. वजनाआधी तिनं स्वतःच तळचा ओलसर कापूस काढून बाजूला टाकला. साहेब खूश होऊन म्हणाला, "आय कॉटन टू हर!"

मुनशी अडखळले, मग मोठ्यानं म्हणाले, "साहेब म्हनते, या बाईत नुसता कापूस भरला हाय."

बाजार खदखदून हसला. बाईनं भरल्या गाड्या तशाच परत नेल्या.

साहेबानं अर्थ समजावला तेव्हा मुनशी माझ्याकडे धावत आले. "अजी, ते क्रियापद हाय! सूत जुळनं, मन बसनं, जीव जडनं! कापसाचा संबंधच नाई!"

"मग सांगा तिला."

"विधवा बाईले सांगू, साहेबाचा जीव जडला म्हनून? गाव जोड्यानं हानीन मले!"

'पटली' म्हणावं तर पंचाईत, 'आवडली' तर त्याहून वाईट. शब्द शोधत ते बाजारभर फिरत राहिले. शेवटी मला ओढतच तिच्या गावी नेलं. अंगणात उभ्यानंच म्हणाले, "बाई, साहेबाले तुमचा भरोसा वाटला, असं तो म्हनला होता. मलेच समजलं नाई."

"इथं काहून सांगता?" ती म्हणाली. "हसले तिथं सांगा."

पुढच्या बाजारी मुनशी एका गाडीवर चढले. "चूक माही होती!" साहेबाचा भरोशाचा शब्द त्यांनी साऱ्या बाजाराला सांगितला. लोक आता त्यांना हसू लागले. कोणी 'कॉटनमुनशी' ओरडलं. बाईची गाडी काट्याला लागेपर्यंत ते खाली उतरले नाहीत.

लढाई संपली, भाव कोसळला, साहेब गेला. मुनशीही गेले. कोणी म्हणे अकोल्याला, कोणी हैदराबादेला.

त्या हंगामात बाईनं विचारलं, "मुनशीजी दिसत नाईत?"

मी सांगितलं.

"माहे भाऊबंद माह्याबद्दल लय काई बोलले जी," ती म्हणाली. "बोललेलं मांगं घेतलं ते त्या एकट्या मानसानं."

आणि तिनं गाडी काट्याकडे वळवली.