पेवात आधी कोण उतरतो

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी रहिमतपूरजवळच्या एका गावात मास्तर होतो. माणूस कंदमुळं गोळा करायचा तेव्हा रानटी होता, धान्य पिकवून साठवायला लागला तेव्हा सुधारला, हा धडा त्या दिवशी सकाळीच मी शिकवला होता.

दुपारी माझ्या घरमालकाने ज्वारीचं पेव उघडलं. जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्यात विषारी हवा कोंडते. तोंड उघडून दिवसभर थांबायचं, मग कंदील सोडून बघायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मालकाला दम नव्हता. कंदील सोडला, तो विझला. तरी त्याने ओढ्याकाठी पालात राहणाऱ्या, मध आणि कंद गोळा करून जगणाऱ्या एका माणसाच्या कमरेला दोर बांधला.

"उतर रं. रानातला गडी तू, तुला काय हुतंय?"

मी तिथेच उभा होतो. विझलेला कंदील मीही पाहिला होता.

वर ओढला तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले होते. पाणी मारल्यावर कसाबसा शुद्धीवर आला, तर मालक त्याला विचारतो, "ज्वारी कोरडी हाय न्हवं?"

आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मालकाचा राग येतो, त्याहून जास्त माझा. कारण त्यानंतरच्या परीक्षेत मी प्रश्न घातला, माणूस केव्हा सुधारला? पोरांनी लिहिलं, धान्य साठवू लागला तेव्हा.

मी सगळ्यांना पूर्ण मार्क दिले.