मेजरांना शिपाई कोण करणार?

अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावी, हायस्कुलात, मी संस्कृत शिकवीत असे. ऐंशीचे दशक सरत आले होते. पहाटेची पूजा, शाळा आणि सायंकाळी मारुतीच्या देवळात पुराणवाचन, एवढाच माझा दिनक्रम. देवाने मला सोशिक स्वभाव दिला आहे असे माझी पत्नी म्हणे. ती हे कौतुकाने म्हणे की कंटाळून, ते मी कधी विचारले नाही. मात्र आमच्या गावाने एका माणसाला जो मान दिला, त्याची आठवण निघाली की आजही माझे चित्त ठिकाणावर राहत नाही.

तो माणूस सैन्यातून निवृत्त होऊन आला होता. शिपाई म्हणून भरती झाला आणि शिपाई म्हणूनच परतला. बर्फाने त्याच्या डाव्या पायाची बोटे नेली होती, त्यामुळे चालताना तो किंचित झुके. पण आमच्याकडची रीत अशी की फौजेतून आलेला माणूस कोणत्याही हुद्द्याचा असो, गाव त्याला ‘मेजर’च म्हणणार. त्याने पहिल्या आठवड्यात पाराजवळ बसलेल्या मंडळींना हात जोडून सांगून पाहिले, “भाऊसहोन, मी मेजर नही शे. शिपाई व्हतू.” मंडळी हसली. एकजण म्हणाला, “तुम्ही काहीबी सांगा मेजर, आमनासाठे तुम्ही मेजरच!” झाले. तेथून पुढे ते पद त्याला जन्माचे चिकटले.

लग्नात त्याला पहिल्या पंगतीस बसवीत. भाऊबंदकीच्या भांडणात मध्यस्थीला बोलावीत. काम मात्र कोणी देईना. अमळनेरला कापसाच्या व्यापाऱ्याकडे गेला, तर शेठने खुर्ची पुसून दिली आणि चहा पाजला, “मेजर, तुम्हाला का गाठी उचलायला लावू?” असे म्हणून आदराने वाटेस लावले. जळगावला डाळमिलीत गेला, तेथेही खुर्ची आणि चहा. एकदा माझ्या ओट्यावर बसून तो म्हणाला, “गुरुजी, चहा पी पी पोटमा आग पडी गयी. एखादा तरी हाकली देता तं बरं वाटतं.”

त्याच सुमारास आमच्या शाळेतील शिपाई वयोमानाने निवृत्त झाला. घंटा वाजवणे, वर्ग झाडणे, पाणी भरणे, अशी कामे. हा ती जागा मागायला संस्थेच्या अध्यक्षांकडे जाणार होता, आणि शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी समितीवर असल्याने आधी माझ्याकडे आला. मी विचारले, “भाऊ, सुरतेला रखवालदाराची जागा मिळते आहे म्हणत होतास. पगारही बरा आहे. मग हे कशाला?”

तो म्हणाला, “गुरुजी, मन्ही पोर माले मेजर म्हनस.”

मला आधी अर्थच कळला नाही. मग त्याने सांगितले. तो रजेवर येई तेव्हा लहानगी मुलगी आईला ओरडून सांगे, “पाव्हना उना!” आता तो कायमचा परतला होता, तर गाव जे म्हणते तेच तीही म्हणे. मेजर, जेवाले चला. मेजर, माय बलावस. ‘आबा’ हा शब्द तिच्या तोंडी येतच नव्हता. “आठेच राह्यनू तं शिकी जाई,” तो म्हणाला. “सुरतले गऊ तं मी आखो पाव्हनाच.”

एवढीच त्याची मागणी होती. गावात राहावे, आणि पोटच्या लेकीने बाप म्हणून हाक मारावी.

अध्यक्षांना सारा गाव नाना म्हणे. माणूस सज्जन, देवभोळा, सढळ हाताचा. त्यांच्यावर रागावणे देखील पाप वाटावे असा. समितीत मी विषय काढताच त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

“गुरुजी, हाई तुम्हना तोंडी शोभस का? मेजरना हातमा झाडू देवाना? मास्तरलोकेसना कप धोवाले लावाना? तालुकाना लोक आमना तोंडवर थुकतीन!”

तो दाराशी उभाच होता. आत येऊन म्हणाला, “नाना, फौजमा मी संडास धुयेल शेतस.”

“नका सांगू, मेजर, नका सांगू!” नाना कळवळून म्हणाले. “आमले तुम्ही बॉर्डरनंच सांगा.”

मी नानांना माझ्या परीने समजावून पाहिले. म्हटले, नाना, सत्कार या शब्दात ‘कृ’ धातू आहे. कृ म्हणजे करणे. काही केल्यावाचून सत्कार होत नाही. नाना तल्लीन होऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, “वा, गुरुजी! काय बोलनात! हाईच सव्वीस जानेवारीले सांगा. मेजरना सत्कारच करी टाकू.” आणि जागा शेजारच्या गावच्या एका तरुणाला दिली. मुलगा चांगला होता. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

सव्वीस जानेवारीला व्यासपीठावर शाल, नारळ, झेंडूचा हार, सर्व सिद्ध होते. पाठीमागच्या कापडावर मोठ्या अक्षरांत ‘मेजर’ लिहिलेले. मी आशीर्वादाचे मंत्र म्हटले. नानांनी शाल पांघरली आणि दोन शब्द बोलण्याचा आग्रह धरला. तो कवायतीच्या पवित्र्यात ताठ उभा राहिला आणि ध्वनिक्षेपकात स्वच्छ बोलला:

“मी शिपाई व्हतू. माले शिपाई करा. दुसरं काहीच नको.”

माझ्या मनात आले, चला, आता तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडेल. तोच टाळ्यांचा असा कडकडाट झाला की लिंबावरची पाखरे उडाली. नानांनी उपरण्याने डोळे टिपले. “दखा!” ते गदगदून म्हणाले, “एवढा मोठा मानूस, आन् सोताले शिपाई म्हनस! पुढला जन्मबी फौजमाच मांगस! याले म्हनतस नम्रता!”

मी उठून ध्वनिक्षेपकापाशी गेलो. म्हटले, “मंडळी, तो शाळेतल्या शिपायाची जागा मागतो आहे.” पण तोवर राष्ट्रगीत सुरू झाले होते, आणि त्यात बोलत राहणे मला शक्य नव्हते. मी सावधान उभा राहिलो. तोही राहिला, खांद्यावर शाल घेऊन. मराठीने एकच शब्द सीमेवर बंदूक धरणाऱ्यालाही दिला आणि घंटा वाजवणाऱ्यालाही. त्यांपैकी दुसरा अर्थ त्या दिवशी त्या मैदानात एकालाही ऐकू आला नाही. पुढे आठवडाभर लोक मला भेटून सांगत होते, भाषण फार उत्तम झाले.

फाल्गुनात तो सुरतेला निघाला. धुळ्याच्या एसटीसाठी फाट्यावर उभा होता. सोबत पत्नी आणि मुलगी, त्या गावातच राहणार होत्या. गावातले दहापाच जण पोचवायला आले होते, कोणी हारही आणला होता. गाडी आली. मुलीने खिडकीपाशी मान उंचावून विचारले, “मेजर, कव्हय येशी?” त्याने हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला. गाडी सुटली. सगळ्यांनी जयहिंद म्हटले.

पुढच्या सव्वीस जानेवारीला तोच बेत. त्याला सुट्टी मिळाली नाही. रिकाम्या खुर्चीकडे पाहत नाना माझ्या कानाशी कुरकुरले, “गुरुजी, आपन इतला मान देतस, आन् याले एक दिन येवाना सवड नही!” मी एवढेच म्हणालो की आज मंत्र म्हणणार नाही, घसा ठीक नाही.

शाल घ्यायला मुलीला वर बोलावले. नानांनी तिला जवळ घेऊन कौतुकाने विचारले, “बेटा, तुना आबा कोठे शे?”

ती गोंधळली. तो शब्द आपल्याशी जोडायला तिला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, “मेजर? सुरतले शे. कंपनीना गेटवर शिपाई शे.”

टाळ्या वाजल्या. काहीजण हसलेही, लहान पोर चुकून बोलली असे समजून.

ती खाली उतरून सरळ माझ्याकडे आली. शाल तिच्या हातांत मावत नव्हती. म्हणाली, “गुरुजी, हाई सुरतले धाडता येई का? तठे रातले गेटवर थंडी वाजस म्हने.”

मी शाल घेतली, तिच्या घड्या नीट केल्या. वर नाना माझे नाव पुकारत होते, दोन शब्द बोला म्हणून. मी वळून पाहिले नाही. मुलीला घेऊन पोस्टाकडे निघालो. त्या दिवशी पोस्ट बंद असणार, हे दार वाजवल्यावर माझ्या ध्यानात आले.