लाल टॉर्चवरचं हिरवं स्टिकर

रहाटणीतल्या आमच्या गल्लीत नवनाथला सगळे ‘वाढीव’ म्हणतात, आणि त्या बाबाला ते कौतुक वाटतं. घरमालकीण सुभद्राबाईंच्या दाराला बेल बसवली तर तिच्यात सात आरत्या. स्कूटरला हॉर्न लावला तो ट्रकचा. माणूस मूळचा बीडकडचा, चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला. तिथे त्याने ठरवायचं असं काहीच नाही. सांगितलेला पार्ट बसवायचा, चालू करून बघायचा, हिरवं ‘ओके’ स्टिकर चिकटवायचं. एकदा ते स्टिकर लागलं की देवसुद्धा पुढे विचारत नाही. मग ठरवायची हौस गडी घरी भागवणार.

सुभद्राबाईंची शेती सोसायट्यांच्या पोटात गेली. उरली ती जुन्या विहिरीची एक भिंत आणि तिच्या पोकळीतलं सातेरी मधमाश्यांचं पोळं. बाई त्यांना ‘माझी माणसं’ म्हणायच्या. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र त्या माश्या डोळ्यांसमोर नकोत. रविवारी सकाळी फवारणीवाला येणार, असं त्याने सांगून टाकलं. त्याआधी पोळं पेटीत काढून मावळात बाईंच्या भावाकडे पोचवलं, तरच माश्या वाचणार होत्या.

हे काम दिवेलागणीनंतरचं, माश्या घरी परतल्यावरचं. त्यांना लाल उजेड दिसत नाही. पांढरा दिसला की त्यावर तुटून पडतात.

“मावशी, लाल टॉर्च मी बनवतो. तुम्ही निर्धास्त राहा.”

“चुलीतल्या निखाऱ्याएवढा उजेड पुरं मला,” बाई म्हणाल्या. “पर इझू नये मधीच.”

नळी आली, लाल एलईडी आला. राहिला ड्रायव्हर, म्हणजे टॉर्चच्या पोटातली नाण्याएवढी चकती. सेलमधला करंट एलईडीला किती सोडायचा, ते ती ठरवते. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सोबत काम करणाऱ्या बुद्धरत्नने दोन चकत्या पुढ्यात ठेवल्या.

“हा छोटा घे भावा. लाल एलईडीला पांढऱ्यापेक्षा कमी व्होल्टेज लागतं. उरलेलं सगळं चकतीत उष्णता होऊन बसतं. मोठा तापून बंद पडेल.”

“ह्याला एकच मोड? आणि उजेड एवढासाच? राव, टॉर्च बनवतोय, उदबत्ती नाही!”

“तुला माश्या हलवायच्यात का विमान उतरवायचंय?”

टेबलावर हशा पिकला, आणि तिथेच घात झाला. नवनाथने मोठा उचलला. पाच मोड, शिवाय लुकलुकणारा. घरी दोन मिनिटं लावून पाहिला. समोरच्या सातव्या मजल्यावरून एक बाई ओरडली, तेव्हा तर त्याची छाती फुगली. खिशातलं हिरवं स्टिकर काढलं, चिकटवलं. ओके.

शनिवारी संध्याकाळी सुभद्राबाई तोंडावर पदर घेऊन उघड्या हातांनी बसल्या. सातेरीची पोळी एकामागे एक लोंबतात. त्यातलं एकेक कापायचं, चौकटीला दोऱ्याने बांधायचं, पेटीत सोडायचं. दोन चौकटी गेल्या.

“कमी कर की जरा. लई भगभगतोय.”

“असू द्या मावशी, स्पष्ट दिसतं.”

टॉर्च इतकी तापली होती की तो हात बदलत होता. पण कमी करेल तर तो नवनाथ कसला?

“ह्या पोळ्यात राणी हाय,” बाई कुजबुजल्या. “हलू नगंस आता.”

उजेड मंदावला, आणि गेला. बाईंच्या हातात पोळं तसंच.

“पांढरं लावू नगंस! आरं...”

पण त्याचा अंगठा तोवर मोबाइलवर पोचला होता. पांढरा झोत पडला आणि माश्या त्याच्या तोंडावर आल्या. तो हात झाडत मागे सरला, पेटीवर पडला. पेटी बाईंच्या हातावर, आणि हाताखाली ते पोळं.

चिरडलेल्यांत राणी बाईंना बोटांनीच सापडली. उरलेल्या माश्या परत भिंतीत शिरल्या, आणि सकाळी फवारणीवाल्याने त्यांना तिथेच गाठलं.

टॉर्च थंड झाल्यावर पुन्हा झकास लागली. सेक्रेटरी खूश. “वा, ब्लिंकिंगही आहे! पार्किंगच्या गेटवर लावू या.” आणि नवनाथला नाही म्हणता आलं नाही. गेटवर ती मजेत लुकलुकते, सारखी विझत असल्याने तापतही नाही. स्टिकर शाबूत आहे.

सुभद्राबाईंनी दाराची बेल काढून टाकली. नवनाथ कडी वाजवतो. आतून पावलं दारापर्यंत येतात, थांबतात, आणि परत जातात.