काचेच्या नळीतला लाल रंग

हे मी बायकोपाशी भी बोललो नाई. देवापुढं बसतो तवा हे सोडून बाकी सारं बोलतो. तुले सांगून राह्यलो, काऊन का तू मले ओळखत नाई—ओळखीच्या माणसापुढं माझी जीभच उचलत नाई.

मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमंधी राह्यतो. घरी काचेची मोठी टाकी आहे. तळाले माती, मातीत हिरवी झाडं, त्यात बारके मासे. या टाकीचा मले भलता गर्व. पाव्हणा आला का खुर्ची द्यायच्या आधी त्याले टाकीपुढं उभा करायचो अन् सुरू—माशाच्या घाणीचं पाण्यात नायट्रेट होते, झाडं ते खातात, जास्त झालं तर शेवाळ धरते, मंग पाणी बदला. बायको म्हणायची, "झालं, भरली मास्तरची शाळा."

नळाच्या पाण्यात क्लोरिन राह्यते म्हणून मी पाणी गावाहून आणायचो. गाव पोंभुर्ण्याकडं, जंगलाच्या कडेले. तिथी माझी आई, लहान भाऊ गजू, अन् त्याची बायको सुनंदा—माझी भावसून. अंगणातल्या बोअरिंगवर कॅना भरायच्या अन् गाडीले बांधायच्या. एक साल काय झालं, किती भी पाणी बदललं तरी शेवाळ जाईच ना. नायट्रेट तपासलं तर जास्त. पाणी बदललं, तरी जास्तच. मासे कमी केले, दाणा कमी केला. डोकं खाजवून राह्यलो. मंग सुचलं—अबे, नवीन पाणीच तपासून पाह्य ना! कॅनीतलं कोरं पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले, हलवलं. पिवळं राह्यलं तर चांगलं असते. ते माझ्या डोळ्यापुढं लालभडक झालं.

कारण लगेच समजलं. बोअरिंग गोठ्याले लागून, शेणखताच्या खड्ड्यापाशी. अन् ती जागा—सांगू का?—ती मीच धरली होती. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून धुऱ्याजवळची, वावराच्या बांधाकडची जागा दाखवली होती. मी हसलो त्याले, चार लोकांत हसलो. म्हटलं, नारळाले पाणी दिसते का कुठी? इथीच मारा, पाइप भी कमी लागते. पाणी लागलं, गोड लागलं, अन् मी गावात छाती काढून फिरलो. आता कोणत्या तोंडानं सांगू, का ते पाणी खराब आहे?

सुनंदा तवा पोटुशी होती. अन् मले माहीत होतं—हेच तर सांगाचं आहे तुले. नायट्रेटचं वाचता वाचता मी ते भी वाचलं होतं. असं पाणी मोठ्या माणसाले चालून जाते, तान्ह्या लेकराले नाई. लेकरू निळं पडते. वाचलं, मोबाइल बाजूले ठेवला, अन् माशायसाठी आरओ फिल्टरचं पाणी सुरू केलं. थोड्याच दिवसांत टाकी नितळ झाली. मासे वाचवले मी. ध्यानात आलं ना?

पोरगी झाली. सुनंदाच्या अंगावर दूध आलं नाई, म्हणून डब्याचं दूध सुरू झालं, त्याच पाण्यात. ती बिचारी पाणी उकळ उकळ उकळायची. उकळून नायट्रेट जात नाई, उलट पाणी आटते अन् ते वाढते. घरात हे एकट्या मले माहीत. आमच्याकडं भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, भावसुनेशी थेट बोलत नाई. तो आला का ती पदर घेऊन आडोशाले होते. मी स्वतःले समजावलं, रीत आहे बाप्पा, मी कसा बोलू? पण गजू तर होता ना? आई तर होती ना? रीतीच्या मागं लपलो मी, दुसरं काई नाई.

मंग पोरीचे ओठ निळे पडले, नखं निळी पडली. चंद्रपूरले दवाखान्यात आणलं. गजू औषध आणाले खाली गेला होता. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "दुधात पाणी कुठलं घालता?"

मी म्हटलं, "फिल्टरचं आहे मॅडम."

काऊन म्हटलं असं? बोअरिंगचं म्हटलं असतं तर बाईनं पुढचं विचारलं असतं—कुठी आहे, बाजूले काय आहे. सुनंदा तिथीच उभी होती. तिनं चमकून माझ्याकडं पाह्यलं. पण भासऱ्याचा शब्द ती खोडणार कशी? तिनं मान खाली घातली. बाई पाण्याचं सोडून पोरीचं हृदय तपासाले लागली. पोरगी गेली. तिचं बारसं भी झालं नव्हतं. त्या दुखण्यावर औषध आहे, हे मी मागून वाचलं.

आई तवापासून एकच बोलते—"इच्या अंगावर दूध नाई, इच्यापायी गेली माझी नात." गावातल्या बाया भी तेच बोलतात. सुनंदाले कोणी कोणाच्या बारशाले बोलवत नाई. मी खाटेवर बसून हे सारं ऐकतो अन् चहा पितो. लाज वाटते का? वाटते. चहा संपेपर्यंत वाटते.

आता तिले पुन्हा दिवस गेले. मागच्या खेपेले मी पाण्याची आरओ फिल्टर मशीन घेऊन गेलो. काऊन आणली, ते सांगलं नाई. म्हटलं, सेल लागला होता. आई साऱ्या मोहल्ल्याले सांगत फिरली, माझा मोठा पोरगा देवमाणूस आहे म्हणून. सुनंदा दाराआडून गजूले म्हणाली, "त्यायले म्हणा, पाया पडाचं आहे." दवाखान्यातलं तिच्या ध्यानात आहे का नाई, मले माहीत नाई. मी कधी विचारलं नाई. जड अंगानं, डोईवर पदर घेऊन ती वाकली, अन् माझ्या पायापुढं जमिनीले डोकं टेकवलं.

मी पाय मागं घेतले नाई.